अट कुठे अडली? : रूल इंजिनच्या जर-तरचे व्याकरण

पेण तालुक्यातील जोहे, हमरापूर, कळवे, तांबडशेत या गावांमध्ये जवळजवळ वर्षभर गणपती घडत असतात. साच्यातून काढलेली मूर्ती वाळते, तिचे सांधे घासले जातात, मग पांढरा रंग, वरचे रंग आणि अखेरीस डोळ्यांची आखणी. पुष्कळसा माल रंग न देताच, म्हणजे कच्चा, दुसऱ्या गावच्या कारखान्यांकडे जातो. परदेशी जाणाऱ्या मूर्ती तर सणाच्या कितीतरी आधी बोटीवर चढतात. या व्यवसायाला नियम पुष्कळ. कोणत्या साहित्याची मूर्ती किती उंचीपर्यंत करायची, घरगुती की सार्वजनिक, घाऊक की किरकोळ, किती नगांच्या वर सूट, कोणती ऑर्डर कोणत्या महिन्यानंतर घ्यायची नाही. हे नियम कारखानदाराच्या डोक्यात असतात, थोडे वहीत असतात, आणि एरवी त्याने काही बिघडत नाही.

पण काही नियम बाहेरून येतात, आणि ते बदलतात. २०२० साली कोरोनाच्या साथीत महाराष्ट्र शासनाने घरगुती मूर्तीला २ फूट आणि सार्वजनिक मूर्तीला ४ फूट अशी उंचीची मर्यादा घातली. २०२१ मध्येही ती होती. २०२२ मध्ये उठली. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या, म्हणजे पीओपीच्या मूर्तींवर बंदी आणणारी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे मे २०२० मध्ये आली आणि लगेच वर्षभरासाठी लांबणीवर पडली. पुढे प्रकरण न्यायालयात गेले. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पीओपीच्या मूर्ती घडवण्यास व विकण्यास मोकळीक दिली, आणि जुलैमध्ये, मार्च २०२६ पर्यंतच्या सणांसाठी, ६ फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्तींचे विसर्जन कृत्रिम तलावातच करण्याचा आदेश दिला. पाच-सहा वर्षांत इतक्या वेळा नियम फिरला.

आता समजा, जोहे गावातील एका कारखान्याने ऑर्डरी संगणकावर घ्यायचे ठरवले. ऑर्डर स्वीकारायची की नाही, हे संगणकाने सांगायचे. सगळे नियम मूळ आज्ञावलीतच लिहून टाकले, तर प्रत्येक बदलाला आज्ञावली लिहिणाऱ्या माणसाला पनवेलहून किंवा पुण्याहून बोलवावे लागेल. म्हणून दुसरी रीत निघाली. आज्ञावली एकदाच करून ठेवायची, आणि नियम तिच्याबाहेर, वेगळ्या फाइलीत, शक्य तितक्या साध्या भाषेत लिहायचे. आज्ञावली ते नियम वाचते, समोरच्या ऑर्डरीला लावून पाहते आणि जो लागू पडेल त्याप्रमाणे वागते. अशा व्यवस्थेला रूल इंजिन म्हणतात. बँका, विमा कंपन्या, शिष्यवृत्तीची पात्रता ठरवणाऱ्या यंत्रणा, सगळीकडे आज या ना त्या स्वरूपात ही रीत आहे.

कल्पना जुनीच आहे. १९७८ च्या सुमारास कार्नेगी मेलन विद्यापीठात जॉन मॅकडरमॉट यांनी डिजिटल इक्विपमेंट या कंपनीसाठी, गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे संगणकाचे सुटे भाग जुळवून देणारी नियमांची व्यवस्था बांधायला घेतली. त्याच विद्यापीठातील चार्ल्स फोर्जी यांनी शेकडो नियम आणि शेकडो नोंदी असल्या तरी प्रत्येक नियम प्रत्येक नोंदीशी पुन्हा पुन्हा ताडून पाहावा लागू नये, अशी युक्ती शोधली. तिचा शोधनिबंध १९८२ चा. युक्तीचे नाव ‘रीटी’, लॅटिन भाषेत जाळे. आजची अनेक रूल इंजिने याच जाळ्यावर उभी आहेत.

यात एक मेख आहे. नियम लिहिणारा आता संगणकतज्ज्ञ नाही. तो कारखान्याचा हिशेबनीस आहे, कार्यालयातला लिपिक आहे. त्याला व्यवसाय पक्का ठाऊक असतो, पण कंस सुटला की यंत्र त्याला ‘अनपेक्षित चिन्ह’ एवढेच बजावते आणि गप्प बसते. गणेशोत्सव तोंडावर, फोन वाजतोय, आणि अट अडलेली. ही अडलेली अट सोडवावी कशी, ते आपण पाहू. शिक्षकांना हा विषय जवळचा वाटेल असे आम्हांला वाटते, कारण यातला बराचसा भाग म्हणजे मराठीच्या तासाला शिकवले जाणारे वाक्यपृथक्करण आहे.

अटीचे अवयव

रूल इंजिनाचा नियम हे एक संकेतार्थी वाक्य असते. जर अमुक, तर तमुक. ‘जर’ आणि ‘तर’ यांच्यामधला भाग म्हणजे अट. प्रत्यक्षातील इंजिनांमध्ये शब्द इंग्रजी असतात, ‘आणि’साठी बहुधा && आणि ‘किंवा’साठी || अशी चिन्हे असतात. आपण सांगाडा नीट दिसावा म्हणून मराठी शब्द वापरू. अटींमधले आकडे मात्र आम्ही मुद्दाम आंतरराष्ट्रीय अंकांत छापले आहेत. त्याचे कारण पुढे येईल.

जर
प्रकार == "घरगुती" आणि उंची <= 2
तर ऑर्डर स्वीकारा

यातला सर्वांत लहान पूर्ण तुकडा म्हणजे तुलना. डावीकडे नाव (प्रकार, उंची), मध्ये चिन्ह (==, <=), उजवीकडे मूल्य ("घरगुती", 2). अशा तुलना उभयान्वयी अव्ययांनी जोडायच्या. आपले व्याकरण ‘आणि’ला समुच्चयबोधक म्हणते, ‘किंवा’ला विकल्पबोधक, ‘जर-तर’ला संकेतबोधक. इंजिनाला एवढी तीनच पुरतात. ‘पण’, ‘परंतु’ त्याला कळत नाहीत, त्यांचा अर्थ ‘आणि’मध्येच मिटवावा लागतो.

आपल्या छोट्या भाषेचे सगळे व्याकरण सहा ओळींत लिहिता येते.

तुलना → नाव चिन्ह मूल्य
अट → तुलना
अट → अट आणि अट
अट → अट किंवा अट
अट → ( अट )
अट → ! ( अट )

बाणाचा अर्थ ‘असे असू शकते’. शेवटच्या ओळीतले उद्गारचिन्ह म्हणजे नकार. या मांडणीला बॅकस-नाउर पद्धती म्हणतात. जॉन बॅकस आणि पीटर नाउर यांच्यामुळे ती १९६० च्या अल्गोल भाषेच्या अहवालात आली आणि रूढ झाली. १९६७ मध्ये पीटर इंगरमन यांनी एका पत्रात सुचवले की पाणिनीने याच धर्तीची मांडणी कितीतरी आधी केली होती, तेव्हा हिच्या नावात पाणिनी हवा. अष्टाध्यायीतील सुमारे चार हजार सूत्रे पाहिली तर ही सूचना केवळ अभिमानापोटी केलेली वाटत नाही. दोन नियमांची टक्कर झाली तर कोणता धरायचा, याचाही नियम पाणिनीने घालून दिला आहे, आणि रूल इंजिनांना नेमका हाच प्रश्न रोज पडतो. असो.

यंत्र अट वाचते ती या सहा ओळींच्या आधाराने, डावीकडून उजवीकडे, एकेक शब्द. प्रत्येक ठिकाणी आता काय येऊ शकते याची यादी त्याच्याजवळ असते. नावानंतर चिन्ह यावे, चिन्हानंतर मूल्य यावे, उघडलेला कंस बंद व्हावा. यादीत नसलेले काही आले की ते थांबते. यालाच सिंटॅक्स एरर म्हणतात. आपण त्याला रचनादोष म्हणू. यंत्राला तुमचा हेतू चुकीचा वाटलेला नसतो. हेतू त्याला माहीतच नसतो. पुढचे पाऊल टाकायला जागा मिळाली नाही, एवढेच.

तक्रार एका ओळीवर, चूक दुसरीवर

यातूनच सर्वांत उपयोगी गोष्ट निघते. यंत्र जिथे थांबले ती जागा आणि चूक जिथे झाली ती जागा एकच असेल असे नाही. कारखान्याचा नियम असा धरू : घरगुती असो वा सार्वजनिक, ४ फुटांपर्यंतची मूर्ती तयार साठ्यातून द्यायची. परदेशी ऑर्डर हा तिसरा प्रकार, तो यात नको. हिशेबनिसाने लिहिले :

जर
(प्रकार == "घरगुती" किंवा
प्रकार == "सार्वजनिक"
आणि उंची <= 4
तर साठ्यातून द्या

यंत्र म्हणते, ‘ओळ ५ : तर हा शब्द अनपेक्षित’. पाचव्या ओळीत बघावे तर काहीच वावगे नाही. ‘तर’ तर प्रत्येक नियमात असतो. खरी चूक तिसऱ्या ओळीच्या शेवटी आहे, तिथे कंस बंद करायचा राहिला. पण यंत्राच्या दृष्टीने तिसऱ्या ओळीत काही बिघडलेले नाही, कारण उघड्या कंसात ‘आणि’ने अट पुढे वाढू शकते. चौथीतही वाढू शकते. ‘तर’ आला तेव्हाच कंस उघडा राहिल्याचे ध्यानात आले. म्हणून तक्रारीची जागा ही ‘इथपर्यंत तरी मला चालले’ अशी खूण समजावी आणि तिथून मागे मागे शोधत यावे. पुढे शोधण्यात अर्थ नाही.

आणि खरा धोका याच्यापुढे आहे. यंत्राने बोट दाखवले तिथेच, म्हणजे चौथ्या ओळीच्या शेवटी, कंस बंद केला तर तक्रार मिटते. नियम चालू होतो. पण आता त्याचा अर्थ वेगळा झाला. गणितात ज्याप्रमाणे गुणाकार बेरजेच्या आधी, त्याप्रमाणे इथे ‘आणि’ ‘किंवा’च्या आधी बांधला जातो. कंसातले वाक्य यंत्र असे वाचते : घरगुती, किंवा (सार्वजनिक आणि ४ फुटांपर्यंत). घरगुती मूर्तीला उंचीची मर्यादाच उरली नाही. कोणी ९ फुटी घरगुती मूर्ती मागितली तर ती साठ्यातून देऊ, असे यंत्र बिनदिक्कत कबूल करील, आणि आगाऊ रक्कम घेतली गेल्यावर तशी मूर्ती कोठारात नाही हे कळेल. रचनादोष घालवणे आणि अट बरोबर करणे ही दोन वेगळी कामे आहेत. दोषाचा संदेश एका अर्थी हितकारकच, तो निदान थांबवतो तरी.

कंस तपासण्याची सोपी रीत वर्गातही करता येते. शून्यापासून सुरुवात करावी. उघडणारा कंस आला की एक मिळवायचा, बंद होणारा आला की एक वजा. शेवटी शून्य आले पाहिजे आणि वाटेत कुठेही ऋण संख्या येता कामा नये. दुसरी अट मुले हमखास विसरतात. ‘)(’ याची बेरीज शून्यच येते, पण ते कंस जुळलेले नाहीत.

बोलण्याची सवय

पुष्कळ रचनादोष आपल्या बोलण्याच्या सवयीतून येतात. आपण म्हणतो, ‘प्रकार घरगुती किंवा सार्वजनिक असेल तर’. तसेच लिहिले जाते :

प्रकार == "घरगुती" किंवा "सार्वजनिक"

मराठीत दुसरे ‘प्रकार’ अध्याहृत आहे, ऐकणारा ते भरून घेतो. आपल्या सहा ओळींत मात्र ‘किंवा’च्या दोन्ही बाजूंना पूर्ण अट हवी, आणि "सार्वजनिक" हे नुसते मूल्य आहे. यंत्र अध्याहृत काही जाणत नाही. तुलना दोनदा पुरी लिहावी लागते.

हीच गत दुहेरी तुलनेची. बीजगणिताच्या पुस्तकात 2 < उंची < 4 हे अगदी शुद्ध. आपल्या व्याकरणात तुलना एका मूल्याशी संपते, दुसरे < आले की यंत्र अडते. इथे वेगवेगळ्या भाषांचे वर्तन पाहण्यासारखे आहे. पायथन ही भाषा याचा गणितातलाच अर्थ लावते. जावा रचून झाल्यावर प्रकारदोष दाखवून थांबते. सी भाषा तक्रार करत नाही. ती आधी 2 < उंची याचे उत्तर काढते, ते खरे असेल तर 1, खोटे असेल तर 0, आणि मग तो 1 किंवा 0 हा 4 पेक्षा लहान आहे का ते पाहते. तो नेहमीच लहान असतो. म्हणजे १० फुटी मूर्तीसुद्धा २ ते ४ फुटांत बसते! तिघींमध्ये जावाचे वागणे आम्हांला हिशेबनिसाच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित वाटते.

नकाराचे स्थान हाही मराठी माणसाचा खास अडथळा. आपला ‘नाही’ वाक्याच्या शेवटी येतो : मूर्ती शाडूची नाही. यंत्राचा नकार आधी येतो. मग !साहित्य == "शाडू" असे लिहिले जाते. यात उद्गारचिन्ह जवळच्या शब्दाला, ‘साहित्य’ला चिकटते, साऱ्या तुलनेला नव्हे. साहित्य ही काही खरी-खोटी ठरणारी गोष्ट नाही. आपले व्याकरण हे नाकारते, कारण ! नंतर कंस हवा. बरोबर लेखन !(साहित्य == "शाडू"), किंवा सरळ साहित्य != "शाडू".

समानचिन्हाची गोष्टही इथेच सांगायला हवी. = हे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ मध्ये योजले, दोन समांतर रेषांइतके समान दुसरे काय असणार, या विचाराने. संगणकाच्या भाषांनी त्याच्यावर दोन कामे लादली : ‘समान आहे का?’ हा प्रश्न, आणि ‘समान कर’ ही आज्ञा. बेसिकमध्ये दोन्हींना एकच चिन्ह होते, संदर्भाने कळायचे. पास्कलने आज्ञेला := दिले. सी आणि तिच्या वारसांनी प्रश्नाला == दिले, आणि बहुतेक रूल इंजिनांनी तेच उचलले. म्हणून अटीत एकेरी = दिसले की यंत्र अडते, किंवा वाईट म्हणजे अडत नाही आणि प्रकार "घरगुती" करूनच टाकते.

माप लिहितानाही फसगत होते. कारखान्यात अडीच फूट 2'6" असे लिहितात. अटीत हे लिहिले की इंच दाखवणारी खूण अवतरण चिन्ह ठरते. यंत्र समजते की आता मजकूर सुरू झाला, आणि पुढच्या अवतरणापर्यंतचे सगळे त्या मजकुरात गिळले जाते. काही भाषांत अवतरण ओळीबरोबर संपायलाच हवे, तिथे तक्रार त्याच ओळीवर येते. काहींत ते कितीही ओळी चालते, मग तक्रार थेट फाइलीच्या शेवटी, दहा नियम ओलांडून. उपाय म्हणून कोणी 2.6 लिहितो. रचना शुद्ध, पण २.६ फूट म्हणजे ३१.२ इंच, ३० नव्हे. 2.5 लिहावे, किंवा सगळी मापे इंचांतच ठेवावीत. आम्ही इंचच सुचवू.

रकमांमधला स्वल्पविराम हा तसाच प्रकार. २०१७ साली राज्याच्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत कर्जमाफीची मर्यादा १,५०,००० रुपये होती, आणि त्याहून जास्त थकबाकी असलेल्याने वरची रक्कम आधी भरायची होती. अशी मर्यादा अटीत 1,50,000 लिहिली तर यंत्र 1 वाचून स्वल्पविरामाशी थांबेल. ती 150000 अशीच लिहावी लागते. आणि चिन्ह <= की < ? यंत्राला दोन्ही सारखीच मान्य. पण < लिहिले तर ज्याची थकबाकी नेमकी दीड लाख आहे तो शेतकरी अटीबाहेर पडतो. ‘पर्यंत’ या शब्दात शेवटचा आकडा धरलेला असतो, हे मराठी जाणणाऱ्यालाच सांगता येईल.

डोळ्यांना न दिसणाऱ्या चुका

कधी कधी अट दहादा वाचली तरी दोष सापडत नाही, कारण तो दिसण्यासारखा नसतोच. नियम आधी वर्ड प्रोसेसरमध्ये टंकून मग चिकटवले, तर तिथे "घरगुती" चे “घरगुती” होते. छपाईला ही वाकडी अवतरणे सुबक दिसतात. यंत्राला मात्र सरळ " हेच चिन्ह माहीत आहे.

देवनागरीत काम करणाऱ्यांच्या वाट्याला अशा जागा जास्त. विसर्ग (ः) आणि अपूर्णविराम (:) डोळ्यांना जुळे, यंत्राला परके. दंड (।) आणि उभी रेघ (|) यांचेही तसेच. ‘किंवा’साठी || हवे असताना ॥ पडले तर कागदावर फरक कळणेही कठीण. आणि अंक! उंची <= २ असे लिहिले तर बहुतेक भाषा अडतात, कारण संख्या म्हणून त्यांना 0 ते 9 ही दहाच चिन्हे मान्य आहेत. गंमत अशी की पायथनमध्ये मजकुराचे संख्येत रूपांतर करणारी आज्ञा "२५" हा मजकूर घेऊन 25 ही संख्या बिनतक्रार देते, पण आज्ञावलीच्या ओळीत थेट २५ लिहिले तर रचनादोष ठरतो. म्हणून वरच्या अटींतले आकडे तसे छापले.

सर्वांत अवघड उदाहरण ‘गिऱ्हाईक’ या शब्दात दडले आहे. मराठीचा हा पिसासारखा अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त जोडतात. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर रुंदी नसलेले एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्हींचे रूप एकच. पण यंत्र अक्षरांचे रूप पाहत नाही, त्यांचे क्रमांक पाहते. नोंदवहीत रकान्याचे नाव एका तऱ्हेने आणि अटीत दुसऱ्या तऱ्हेने पडले, तर ‘गिऱ्हाईक हे नाव माहीत नाही’ असा संदेश येतो, आणि समोर गिऱ्हाईक ढळढळीत दिसत असते. दोन माणसांचे कळफलक वेगळे असले की हे घडते. अशा वेळी निरखत बसू नये. तो शब्द खोडून, नोंदवहीतलाच शब्द उचलून तिथे चिकटवावा.

दोष हुडकण्याची रीत

लांबलचक अट अडली आणि नजरेने काही सापडेना, तर प्रयोगशाळेतली जुनी रीत वापरावी : अर्धे काढून ठेवा. अटीत १६ तुलना असतील तर ८ ठेवून चालवून पहा. चालली, तर दोष काढलेल्या भागात. अडली, तर राहिलेल्यात. मग त्या आठांचे चार. चार फेऱ्यांत एकच तुलना हातात उरते. पथ्य एकच, काप नेहमी सर्वांत बाहेरच्या ‘आणि’ किंवा ‘किंवा’वर घ्यायचा, म्हणजे दोन्ही तुकडे स्वतःपुरते पूर्ण राहतात. कंसाच्या मधोमध कापले तर नवाच दोष तयार होतो आणि शोध भरकटतो. अट लिहितानाच एकेक तुलना वाढवत, दरवेळी चालवून पाहत गेले तर ही वेळच येत नाही, पण घाईत तसे कोणी करत नाही.

शाळेत यासाठी संगणक लागत नाही. पाच-सहा मुलांच्या हाती पुठ्ठ्याचे तुकडे द्यावेत, एकावर नाव, एकावर चिन्ह, एकावर मूल्य, दोघांकडे कंस. त्यांनी रांगेत उभे राहून अट व्हावे. एक मुलगी यंत्र होते, फळ्यावरच्या सहा ओळी पाहत डावीकडून चालत येते आणि जिथे पुढे जाता येत नाही तिथे थांबून फक्त ‘अनपेक्षित’ एवढेच म्हणते. बाकी वर्गाने चूक शोधायची. थांबलेली जागा आणि चुकलेली जागा यांतले अंतर मुलांना प्रत्यक्ष दिसते.

अडत नाहीत अशा अटी

रचना शुद्ध आणि अर्थ चुकीचा, अशा दोन जागा आवर्जून दाखवाव्यात. पहिली २०२० च्या नियमात आहे. बोलताना आपण म्हणतो, ‘घरगुती २ फुटांपर्यंत आणि सार्वजनिक ४ फुटांपर्यंत चालेल’. वाक्यात ‘आणि’ आहे. तो जसाच्या तसा अटीत उतरवला तर मूर्ती एकाच वेळी घरगुती आणि सार्वजनिक असावी लागेल, अशी एकही मूर्ती नाही, आणि सगळ्या ऑर्डरी परत जातील. बरोबर अट अशी :

(प्रकार == "घरगुती" आणि उंची <= 2) किंवा
(प्रकार == "सार्वजनिक" आणि उंची <= 4)

बोलीतला ‘आणि’ दोन नियमांना जोडत होता. अट मात्र एकेका मूर्तीला विचारलेला प्रश्न आहे, आणि एका मूर्तीला दोहोंपैकी एकच नियम लागतो.

दुसरी जागा नकाराची. ‘शाडू किंवा कागदाच्या नसलेल्या मूर्ती’ यासाठी साहित्य != "शाडू" किंवा साहित्य != "कागद" असे लिहिले, तर प्रत्येक मूर्ती या अटीत बसते. शाडूची मूर्ती कागदाची नसते, म्हणून ती आली. कागदाची शाडूची नसते, म्हणून तीही आली. नकार कंसाच्या आत नेताना ‘किंवा’चा ‘आणि’ होतो, हा डी मॉर्गनचा नियम. ऑगस्टस डी मॉर्गन यांचा जन्म १८०६ साली मदुराईचा. तर्काचे बीजगणित १८५४ च्या ग्रंथात मांडणारे जॉर्ज बूल यांच्या पत्नी मेरी या भारताची मोजणी करणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी. ‘आणि-किंवा’च्या या शास्त्राचे आपल्याकडे असे दोन धागे आहेत.

शेवटी एक अडलेली अट वर्गासाठी देतो. नियम असा : घरगुती वा सार्वजनिक, २ ते ४ फुटांची, पीओपी नसलेली मूर्ती घ्यायची.

जर
(प्रकार = "घरगुती" किंवा "सार्वजनिक"
आणि 2 <= उंची <= ४
आणि !साहित्य == “पीओपी”
तर ऑर्डर स्वीकारा

यात सात चुका आहेत : एकेरी समानचिन्ह, अर्धवट तुलना, न मिटलेला कंस, दुहेरी तुलना, देवनागरी अंक, नामाला चिकटलेला नकार आणि वाकडी अवतरणे. यंत्र एका वेळी बहुधा एकच सांगते, तेव्हा सात फेऱ्यांची तयारी ठेवावी. दुरुस्त अट :

जर
(प्रकार == "घरगुती" किंवा प्रकार == "सार्वजनिक")
आणि उंची >= 2 आणि उंची <= 4
आणि साहित्य != "पीओपी"
तर ऑर्डर स्वीकारा

ती तपासायला कोणत्या ऑर्डरी लावून पाहाल, हे मुलांनाच ठरवू द्यावे. आम्ही या सहा निवडू : घरगुती शाडूची नेमकी २ फुटी, सार्वजनिक शाडूची नेमकी ४ फुटी, घरगुती शाडूची १.९ फुटी, सार्वजनिक शाडूची ४.१ फुटी, घरगुती पीओपीची ३ फुटी आणि परदेशी शाडूची ३ फुटी. पहिल्या दोन्हींना होकार यायला हवा, उरलेल्या चारांना नकार.